कार्ड खाली हाये

आमच्या घरी 'खाली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्या हिवाळ्यापर्यंत दोन्ही गुण्यागोविंदानं नांदत होते. खाली म्हणजे बुडाशी, पायापाशी. आणि खाली म्हणजे रिकामं, आत काही नसलेलं. पुण्याकडचे लोक आम्हाला हसतात, म्हणतात तुमची मराठी अर्धी हिंदी. असेल बाप्पा. बस खाली आहे म्हटलं की आमच्याकडे कोणी वाकून चाकाखाली बघत नाही, जागा मिळणार म्हणून पिशवी उचलतं. माझं माहेर हिंगणघाटचं, सासर आंजीच्या पलीकडचं, आणि दोन्हीकडे असंच बोलतात. हा शब्द एक दिवस माझ्या सासूच्या जिवावर उठेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

नवरा लग्नाचे फोटो काढतो. वडनेरपासून जामपर्यंत कुठूनही बोलावणं येतं. तो कॅमेऱ्याचं कार्ड भरून आणतो, मी ते लॅपटॉपमध्ये घालते, फोटो निवडते, रंग सुधारते, अल्बम लावते. नवरीच्या आत्याचे डोळे मिटलेले आले असतील तर उघडे असलेला एखादा शोधून काढते. हे करताना मी बडबडते फार, आणि शिव्या देते त्या बहुतेक लॅपटॉपला. तो जुना, जडशीळ, पोटाखालून बॅटरी काढता येते असा. चार्जरची पिन ढिली. आमच्याकडची लाइन अशी की कधी पंखा छत घेऊन उडेल इतकी जोरात आणि कधी बल्बात नुसती तार लाल. त्या लाइनीवर दिवस काढलेलं यंत्र कधी कशावरून रुसेल याचा नेम नसतो. सासू त्याला 'तुहा लाडका' म्हणायची. लाडका आज उठला नाई का, असं विचारायची, आणि माझं डोकं आधीच तापलेलं असायचं.

सासूबद्दल आधी सांगते. बोलताना मी तिला तुम्ही म्हणते, आई म्हणते, पण मनात ती 'ती'च आहे. तोंडाची फटकळ, अंगानं काटक, कामाला वाघीण. हा शब्दही आता जपून वापरावा लागतो. वेचणीचे दिवस आले की ती घरात थांबतच नाही. आमचं वावर नाल्याकाठी आहे. गावातल्या सात-आठ बाया मिळून एकमेकींच्या वावरात आळीपाळीनं कापूस वेचतात आणि त्यांची पुढारी आमची ही. कंबर दुखते म्हणून कोणी मागं राहिली तर तिची कंबर कशी आणि कधी दुखते हे ही सगळ्या गावाला सांगते.

त्या वर्षी कापूस फुटला आणि वाघ आला. बोर अभयारण्याच्या जंगलाकडून नाल्याच्या काठाकाठानं आला असावा. आधी एक गोऱ्हा गेला, मग बंधाऱ्याच्या रेतीत पंजे दिसले, मग माणसांनी नाव घेणंच सोडलं. 'जनावर' म्हणायचे, किंवा नुसतं 'ते'. पराटीत, म्हणजे कपाशीत, मधेमधे तुरीचे तास, ओळी असतात, हिवाळ्यात तूर डोक्याइतकी उंच वाढते. तिच्या आड बैल उभा असला तरी दिसत नाही, मग ते कुठून दिसणार? फॉरेस्टवाल्यांनी नाल्याच्या वाटेवर, पाण्यापाशी, पळसाच्या बुंध्याला एक कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. त्याला बघायचा पडदा नव्हता, आत कार्ड तेवढं होतं. म्हणजे कार्ड काढून कुठंतरी घालून बघितल्याशिवाय काही कळायचं नाही, आणि ते घालायची सोय गावात माझ्याकडेच होती.

तेव्हा असं ठरलं. सकाळी ऊन वर आलं की वनमजूर मोटरसायकलवर जायचा, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून दुसरं घालायचा, आणि काढलेलं माझ्याकडे आणून द्यायचा. बाया डबे घेऊन आमच्या समोरच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसायच्या. मी एकेक फोटो बघायची. काही नसलं की सासू फाटकात उभी राहून ओरडायची, कार्ड खाली हाये. मग बाया उठायच्या. असं रोज. पंधरवड्याच्या आत 'खाली' हा शब्द सगळ्या गावात भीती नाही या अर्थानं चालायला लागला. दुकानात एकमेकांना विचारायचे, आज कसं, खाली का? आणि दुसरा म्हणायचा, खाली.

मला त्या कामाचं सुरुवातीला थोडं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. मग भीती वाटायला लागली आणि ती रोज वाढत गेली. लग्नाच्या फोटोत चूक झाली तर आत्याबाई रुसतात, एवढंच. इथे माझ्या डोळ्यातून काही सुटलं तर? फोटो नुसते गवताचे. वाऱ्यानं गवत हललं की फोटो. मग कुत्रं, मग रोही म्हणजे नीलगाय, मग पुन्हा गवत. प्रत्येक फोटो मोठा करून मी कोपरे तपासायची, सावल्या तपासायची. एकदा खरंच निघालं. रात्रीचा फोटो, राखाडी, आणि त्यात दोन डोळे पांढरे पेटलेले. मी खुर्चीसकट मागे सरकले. त्या दिवशी बाया गेल्या नाहीत. सासू म्हणाली, तो इकडे पाहून राह्यला का तुह्याकडे? मी म्हटलं, आई, कॅमेऱ्याकडे. ती म्हणाली, एकच झालं. 

ज्या दिवसाची गोष्ट आहे त्या दिवशी नवरा वडनेरला लग्नावर गेलता. वनमजूर कार्ड देऊन गेला. मी ते लॅपटॉपच्या कीबोर्डावर ठेवलं, चार्जर लावला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही, काही नाही. वर बघितलं तर घरातला पंखा फिरत होता, म्हणजे लाइन होती. चार्जरच्या डब्यावरचा हिरवा दिवाही विझलेला. मी दुसऱ्या बोर्डात लावून बघितलं. पिन पिळली, दाबून धरली, तेव्हा डब्यावरचा दिवा लागला, पण लॅपटॉप मेल्यासारखा पडून. बाहेर बाया बसलेल्या. सासूच्या दोन चकरा झाल्या. मी म्हटलं, आई, जरा दम धरा, चालू होत नाही आहे. ती म्हणाली, ऊन चढून राह्यलं, कापूस का थांबते?

घरात नवऱ्याचा एक जुना कॅमेरा होता. म्हटलं त्यात तरी घालून बघू. घातलं. पडद्यावर आलं, कार्डात एकही फोटो नाही. त्या क्षणी मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. बाहेर जाऊन सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण मला माहीत होतं की एका कॅमेऱ्याला दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याचे फोटो ओळखता येत नाहीत. आत भरलेले असले तरी तो नाही म्हणतो. कार्ड परत काढलं, कीबोर्डावर ठेवलं, आणि घाम पुसला.

अशा वेळी एक उपाय असतो, तो मला नवऱ्यानंच शिकवला होता. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, आणि बटण नुसतं दाबून धरून ठेवायचं. आत अडकलेला करंट निघून जातो. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करायचं. बॅटरी काढायला मी लॅपटॉप उलटा केला आणि कीबोर्डावरचं कार्ड घसरलं. टाइलवर टक् आवाज झाला आणि ते दिवाणाखाली गेलं. दिवाणाखाली आमचा सगळा संसार असतो. ट्रंका, जुने अल्बम, कांद्याची टोपली. मी मोबाइलचा दिवा लावून पालथी पडले आणि डोकं आत घातलं.

सासरे दाराशी खुर्चीवर बसले होते. ते कमी बोलतात. गुडघ्यानं धरल्यापासून तिथंच बसून येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं देणं हे त्यांनी आपलं काम मानलं आहे. फाटकातून सासूचा आवाज आला, काऊन वो, कार्ड कसं हाये? मी ट्रंकेमागे, तोंडात धूळ. माझ्याऐवजी सासऱ्यांनी सांगितलं.

"कार्ड खाली हाये."

मी ते ऐकलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ते अगदी खरं होतं. कार्ड खाली होतं. मी त्याच्याच मागे होते.

सापडलं एकदाचं, कांद्याच्या टरफलांत. पदरानं पुसलं, पिवळ्या पट्ट्यांवर फुंकर मारली, धूळ राहिली तर वाचणार नाही म्हणून पुन्हा पुसलं. बॅटरी काढली. बटण दाबून धरलं आणि मनात दमानं आकडे मोजले. चार्जर लावला, पिन एका हातानं दाबून धरली, दुसऱ्या हातानं बटण. पंखा घरघरला. माय वो, इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग तो त्याच्या चालीनं सावकाश उघडला, आणि मी कार्ड घातलं.

गवत. गवत. कुत्रं. रात्रीचं गवत. रोही, तिच्यामागे तिचं पिल्लू. पहाटेचं धुकं. आणि मग उन्हातला फोटो. कोवळं ऊन, गवतावर दव, आणि पडद्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ते. रात्रीचं राखाडी नाही, भर उजेडातलं, पिवळंधमक. मान खाली घालून सावकाश चाललेलं, आमच्या वावराच्या बाजूला तोंड करून. खाली वेळ छापली होती, आजच्याच सकाळची. म्हणजे ते पुढे गेलं आणि त्याच्यामागे थोड्याच वेळात वनमजूर तिथे उभा राहून कार्ड काढत होता.  पण त्याही वेळी मनाला एक आधार होता की बाया ओट्यावर बसल्या आहेत. मी सासऱ्यांना म्हटलं, बाबा, आईला सांगा, आज जायचं नाही, जनावर दिसलं.

ते फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ओट्यावर कोणी नव्हतं. समोर शेजारी ट्रॅक्टर पुसत होता, त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्या तर केव्हाच गेल्या. तुमची बुढी आली, म्हणे कार्ड खाली हाये, चला वो पोरींनो, आणि गेल्या.

सासरे वळले. मी दारात उभी होते. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मी तं खाली पडलं म्हनून सांगतलं," ते म्हणाले. "दिवानाखाली पडलं म्हनून. मी तिले जा म्हनलं नाई."

माझ्याकडे बघून तीनदा तेच म्हणाले.  मी म्हटलं, हो बाबा, आणि फोन उचलला. सासूला लावला तर तो घरातच वाजला. ती फोन नेतच नाही, वावरात कोण बोलते म्हणते. दुसऱ्या एकीला लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नाल्याकडे रेंज कधीच नसते. फॉरेस्टच्या गार्डाला लावला. तो म्हणाला, मी निघतो, पण तुम्ही आधी पोचाल. बायांना पळू देऊ नका. वाकू देऊ नका, वाकलेलं माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. सगळ्यांना एका जागी उभं करा, आवाज करा आणि सगळ्यांना मिळून परत आणा. वाकू देऊ नका, हेच मला ऐकू आलं. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकलेल्याच असतात.

शेजाऱ्यानं ट्रॅक्टर काढला. मी मागे चढले, हातात स्टीलची परात आणि लाटणं. सासऱ्यांना मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ज्या गुडघ्यानं त्यांना पायरी चढवत नाही, त्या गुडघ्यानं ते ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले आणि दोन्ही हातांनी लोखंड धरलं.  मी परात बडवत होते. बडवताना रडत होते. मी रागाच्या भरात या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले होते ते सगळं आठवत होतं, आणि देवधर्म आम्ही करत नाही, तरी मी कोणाला तरी म्हणत होते, तिला राहू दे, तिला राहू दे.

वावर आलं. धुऱ्यावरून, बांधावरून, बाया दिसल्या. आवाज ऐकून त्या उभ्या राहिल्या होत्या, ओटीत कापूस, तोंडं आमच्याकडे. शेजारी ओरडला, हलू नका, इकडे या, सगळ्या मिळून या. त्या गोळा होऊन आल्या. मी तोंडं बघत गेले. पुन्हा बघितली. आमची नव्हती.

विचारलं तर एक जण म्हणाली, बुढी पाणी आणाले खाली गेली, नाल्यावर.

तो शब्द ऐकून सासरे ट्रॅक्टरवरून उतरले की पडले, मला कळलं नाही. पण पुढच्या क्षणी ते धुऱ्यावर उभे होते, नाल्याकडे तोंड करून. आणि त्यांनी हाक मारली. तिच्या नावानं. आमच्याकडे त्या पिढीची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. ऐकलं का, अवो, पोराची माय, असंच चालतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ते नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते पुन्हा पुन्हा ओरडत होते, आवाज फाटेपर्यंत. बायांनी माना खाली घातल्या. तुरीपलीकडून काहीच येत नव्हतं. ना आवाज, ना हालचाल. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर जागच्या जागी गुरगुरवत ठेवला होता आणि त्या आवाजात मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता.

मग तुरीच्या शेंड्यांमधून तिच्या डोक्यावरचा रुमाल दिसला. ती आली. पळत नव्हती. सावकाश, एकेक पाय टाकत, नाल्याची चढण चढून. पदर दातात धरलेला. जवळ आल्यावर तिनं पदर सोडला आणि म्हणाली, काऊन बोंबलून राह्यले, सारं गाव जमवलं. हातात पाण्याची कॅन नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, ते फुटली होती, टाकली तथीच. मला तेव्हा तिच्या गळ्यात पडायचं होतं, मी पडले. तिला घाम आला होता आणि अंग गार लागत होतं. ती म्हणाली, सोड वो, लोकं पाह्यतेत.

सासरे तिच्यापासून चार हात लांब उभे होते. त्यांना पुढे येता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुले काही दिसलं नाई ना? ती म्हणाली, काय दिसन तथी, गवत. त्यांनी घरी आल्यावर पुन्हा विचारलं. गार्ड आला, त्यानं नाल्याकडे फटाके फोडले, गावात जाऊन सगळ्यांना बजावलं, तो गेल्यावर पुन्हा विचारलं. जेवायला बसले तेव्हा घास हातात धरून विचारलं. खरंच नाई दिसलं? प्रत्येक वेळी ती म्हणाली, नाई. चौथ्यांदा चिडून म्हणाली, दिसलं असतं तं मी इथं भाकर वाढून राह्यली असती का? तेव्हा कुठं त्यांनी घास तोंडात घातला. माह्या सांगन्यानं बुढी जिवानिशी गेली असती, असं म्हणाले, आणि मग बरं झालं, तिले काही दिसलं नाई, असं म्हणून ते कसेबसे जेवले. त्यांचं बरं वाटणं त्या एका वाक्यावर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. सासऱ्यांचा दुखतो, तिचा कधी दुखल्याचं मला आठवत नाही. तशीही त्या दिवशी कोणी वावरात जाणार नव्हतं. वनमजूर गार्डाला सोबत घेऊन गेला आणि कार्ड आणून दिलं. मी रात्रभर लॅपटॉपची बॅटरी बाहेरच काढून ठेवली होती. त्यानं बटण दाबताच पहिल्या झटक्यात डोळे उघडले. मी एकटीच होते.

आदल्या सकाळी वनमजूर कार्ड बदलून गेल्यानंतरचे फोटो. गवत. गवत. आणि मग सासू. पाठमोरी, खांद्यावर कॅन. पुढच्या फोटोत पाण्यापाशी वाकलेली. त्याच्या पुढच्यात ती उकिडवी बसली होती, कॅन पाण्यात, पण हात कॅनवर नव्हते. दोन्ही हातांनी तिनं पदर तोंडात कोंबला होता. मान डावीकडे वळलेली, जिथे फोटो संपतो तिकडे. मी फोटो मोठा केला. लग्नात मी डोळे मिटलेत का उघडे आहेत हे बघते, तसे तिचे डोळे बघितले. इतके उघडे डोळे मी कोणाचे पाहिले नाहीत. नंतर तशाच बसलेल्या तिचे बरेच फोटो होते. ती हलतच नव्हती, तरी कॅमेरा फोटो काढत होता, म्हणजे समोर दुसरं काही तरी हलत होतं. मग ती उभी राहिलेली. मग पाठ न दाखवता मागे मागे सरकताना. मग रिकामी जागा आणि पाण्यात आडवी पडलेली कॅन. आणि मग तिथेच, कॅनला नाक लावून, ते.

ती मागे सरकतानाचा आणि ते कॅनपाशी आल्याचा, त्या दोन फोटोंच्या मधे किती वेळ गेला ते खाली छापलेलं होतं. ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. वाघ गार्डाला दाखवणं भाग होतं, म्हणून मी तेवढा एकच फोटो त्याला पाठवला. बाकीचे वेगळे ठेवले.  ती पळाली असती तर? ओरडली असती तर? आम्ही ट्रॅक्टर घेऊन परात वाजवत येत होतो तेव्हा ती त्या पाण्यापाशी बसून होती आणि ऐकत होती की सासरे तिचं नाव घेत आहेत, आणि तिला ओ देता येत नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि हळूच विचारलं, आई, तुम्हाला दिसलं होतं ना? तिनं आधी दाराकडे बघितलं. सासरे त्यांच्या जागी खुर्चीवर होते.

"बुढ्याले सांगू नको," ती म्हणाली. "त्यानं मले धाडलं असं त्याच्या जीवाले लागन. मंग तो नाई उठायचा."

मी म्हटलं, पण तुम्हाला भीती नाही वाटली?  तेवढ्यात सासऱ्यांनी दारातून आवाज दिला, कार्डात काय निघालं? सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गवत, बाबा. नुसतं गवत. ते म्हणाले, बरं झालं.

सासू पुन्हा मेथी निवडायला लागली. मी तिच्या हातांकडे बघत बसले. ती पानं खुडून केरात टाकत होती आणि काड्या पातेल्यात. मी तिला थांबवलं नाही.